मध्यम श्रेणीची सोयरीक

चिखलोलीच्या पलीकडे, अंबरनाथ संपल्याचं बदलापूरला अजून कळलेलं नाही अशा पट्ट्यात, एका बिल्डरनं ओढ्याकाठी उद्यान केलंय. केलंय म्हणजे ओढा होताच, टेकाड होतं, झाडंही होती. त्यानं फाटक बसवलं आणि पाटी लावली. पाटीवर टेकाडाला वळसा घालणारी एक वाट गांडुळासारखी काढलीय आणि खाली लिहिलंय, ‘नेचर ट्रेल. लूप. श्रेणी : मध्यम.’ पूर्वी याच वाटेनं बायका डोक्यावर सरपणाच्या मोळ्या घेऊन खाली यायच्या. आपण मध्यम श्रेणीचं काही करतोय हे त्या बिचाऱ्यांना कुणी सांगितलंच नाही. आता तिथं लोक रविवारी टोप्या घालून येतात, गुडघ्याएवढ्या चढावर थांबून पाणी पितात आणि एव्हरेस्टवरून उतरल्यासारखे फोटो काढतात.

मला या श्रेणीचं वावडं असायचं खरं तर कारण नाही. माझं घराणं मध्यमवर्गीय, नोकरी एमआयडीसीतल्या मध्यमशा कंपनीत, घर मध्य रेल्वेवर. फक्त पोट तेवढं श्रेणीबाहेर गेलंय. पण माझ्या एकुलत्या एक मुलीच्या लग्नाची बोलणी या गांडुळावर होतील असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला आधी डॉक्टरकडे नेलं असतं.

झालं ते असं. मुलीनं आपलं आपण जमवलं होतं. ती फिजिओथेरपिस्ट आहे. मुलगा डोंबिवलीतल्या एका लॅबमध्ये पाणी तपासतो. दोघांचं ठरलेलं होतं. राहिलं होतं ते दोन घरांनी एकमेकांना बघून मान डोलावण्याचं. मी म्हटलं, या घरी, पोहे खा, डोलवा मान. तर मुलाच्या वडिलांचा निरोप आला की कांदेपोहे ही कालबाह्य पद्धत आहे. माणसाचा स्वभाव सोफ्यावर कळत नाही, चढावर कळतो. तेव्हा दोन्ही कुटुंबांनी सकाळी उद्यानात भेटावं, लूप पुरा करावा आणि मग बोलावं.

‘‘चढावर माझा स्वभाव नाही, दम कळेल,’’ मी म्हणालो.

‘‘पप्पा, हेच,’’ मुलगी म्हणाली. ‘‘हेच तिथं बोलायचं नाही.’’

मग तिनं मला समोर बसवलं आणि एखाद्या पेशंटला सांगावं तसं सांगितलं. मुलाचे वडील मनाला लावून घेणारे आहेत. बँकेतून निवृत्त झाल्यापासून डोंगर हेच त्यांचं सगळं झालंय. त्याची कुणी थट्टा केली की ते आठवडा आठवडा बोलत नाहीत. त्यांनी ‘नाही’ म्हटलं, तर मुलगा त्यांच्याविरुद्ध जाणार नाही. ‘‘आणि मीपण त्याला जा म्हणणार नाही,’’ ती म्हणाली. ‘‘म्हणजे संपलंच. तेव्हा दोन तास गप्प बसा. काही विचारलं तर ‘छान’ म्हणा. जमेल?’’

मी ‘छान’ म्हणालो. तिला ते आवडलं नाही, पण तिचा इलाज नव्हता.

तर जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही त्या फाटकाशी उभे होतो. आमच्याकडून मी, बायको, मुलगी आणि माझी थोरली बहीण. ताईला आणायचं नव्हतं. पण उल्हासनगरात राहणाऱ्या माणसाला बातमी पोचत नाही असं कधी झालंय? ती साड्यांना फॉल-बिडिंग करते. तिच्या सिंधी गिऱ्हाइकांना आमच्या घरातलं आमच्या आधी कळतं. ती जरीची साडी, शाल आणि त्याखाली नातवाचे स्पोर्ट्स शूज घालून आली होती. मीही नवे बूट घेतले होते. एवढ्या रंगांचे बूट मी घालीन असं मला वाटलं नव्हतं. ते घालून उभा राहिलो तेव्हा माझ्या पायांजवळ कुणीतरी लग्नाचा मंडप घातल्यासारखं दिसत होतं.

मुलाचे वडील आले. दोन हातांत दोन काठ्या, डोक्यावर मागून पडदा सोडलेली टोपी, गळ्यात शिट्टी, मनगटावर जेवणाच्या ताटलीएवढं घड्याळ. पाठीवरच्या पिशवीला दोरखंड लटकत होता. ज्या टेकाडावर शेळ्या कंटाळून जात नाहीत, तिथं हा माणूस दोरखंड घेऊन आला होता. माझ्या तोंडात शब्द आला. मुलीनं माझ्याकडे बघितलं. मी तो गिळला.

‘‘नमस्कार! कसं वाटतंय वातावरण?’’

‘‘छान,’’ मी म्हणालो.

त्यांच्या मागे मुलाची आई होती. तिच्या हातात कापडी पिशवी होती आणि चेहऱ्यावर, बसमध्ये खिडकी न मिळालेल्या माणसाचा असतो तसा, कुणाविरुद्धही तक्रार न करणारा कंटाळा होता. मुलगा तिच्या शेजारी. मी त्याला नीट न्याहाळलं. दाढी साधी, बूट जुने, मोबाईल खिशात. सुरुवातीला काहीच हाताला लागलं नाही.

पाटीवरचा बाण उजवीकडे होता. मुलाच्या वडिलांनी शिट्टी फुंकली आणि ते उजवीकडे वळले. तेवढ्यात ताईनं फाटकावरच्या रखवालदाराला तिच्या सिंधी सवयीनं विचारलं, ‘‘साईं, त्या टेकाडावर काय आहे रे? पताका दिसतेय.’’

‘‘देव आहे आजी. जुना आहे.’’

ताई जागच्या जागी थांबली. ‘‘मग असं उलटं कुठं चाललात सगळे? देव डाव्या हाताला ठेवून फिरतात का? लग्नाचं काम आहे आणि उलटी प्रदक्षिणा?’’

‘‘ही प्रदक्षिणा नाही हो, लूप आहे,’’ मुलाचे वडील म्हणाले. ‘‘आधी सपाटी, मग चढ, असा तो डिझाइन केलेला आहे. डावीकडून गेलात तर सुरुवातीलाच चढ लागेल. गुडघ्यांना चांगलं नाही.’’

‘‘माझे गुडघे माझे मी बघीन. देव तर तुम्ही डिझाइन केलेला नाही ना?’’

‘‘ताई, ट्रेलला एक शिस्त असते...’’

‘‘देवालाही असते.’’

आणि ती डावीकडे चालायला लागली. माझी बायको, जिला आयुष्यात ताईचं एक वाक्य पटलेलं नाही, ती माझ्या कानाशी आली. ‘‘जा तिच्यामागं. एकटी पडली तर तेही आपल्याच नावावर लागेल. मी येतेच.’’ मुलीनं तेवढ्यात मुलाच्या आईची पिशवी हातात घेतली आणि ती त्यांच्याबरोबर उजवीकडे गेली. आता गंमत अशी, की मुलगा दोन पावलं वडिलांमागे गेला, थांबला आणि म्हणाला, ‘‘बाबा, मी आत्यांबरोबर जातो. चढ आहे तिकडं.’’

म्हणजे ज्या दोघांसाठी हा सगळा घाट घातला होता, ते दोघं टेकाडाच्या दोन अंगांना. सोफ्यावर एवढा गोंधळ कुणी घालू शकलं नसतं.

मुलाच्या वडिलांचा चेहरा पडला होता. वळताना ते कुणालाच उद्देशून न बोलल्यासारखं बोलले, ‘‘ठरायच्या आधीच दोन दिशा.’’ ते वाक्य मला नीट ऐकू आलं. मुलीलाही आलं असणार, कारण तिचे खांदे एकदम वर गेले. लहानपणी परीक्षेचा निकाल घ्यायला जाताना जायचे तसे.

चढ पाटीवर दिसला होता त्यापेक्षा मोठा निघाला. पायऱ्या सिमेंटच्या होत्या. त्यांना लाकडाच्या ओंडक्याचा आकार देऊन वर तपकिरी रंग दिलेला. आजूबाजूला खरं लाकूड उभं असताना खोटं लाकूड ओतण्याची बुद्धी ज्याला झाली, त्याचा मी मनातल्या मनात सत्कार केला. दर दहा पावलांवर पाटी होती. ‘निसर्ग ऐका.’ निसर्ग काय म्हणत होता ते माझ्या धापेत ऐकू येत नव्हतं. वरून चार तरुण उतरत आले. त्यांच्यातल्या एकानं छातीवर स्पीकर बांधला होता. मला बघून तो म्हणाला, ‘‘अंकल, थोडाच बाकी आहे, कम ऑन!’’ मला अंकल म्हटल्याचं दुःख नाही. कम ऑनचं आहे.

पुढं ताईनं मुलाची उलटतपासणी चालवली होती. ती चढतेय का बोलतेय ते कळत नव्हतं. दोन्ही एकाच वेगानं चालू होतं.

‘‘पाणी तपासतोस म्हणजे काय करतोस?’’

‘‘नमुना घेतो, आत काय काय आहे ते बघतो.’’

‘‘हे खालचं पाणी कसंय?’’

‘‘ओढ्याचं पिऊ नका. आंघोळीलाही नको.’’

‘‘आणि बारवी धरणाचं, आमच्या नळाचं?’’

‘‘ते चांगलंय. तुमच्या गच्चीवरच्या टाकीची खात्री मी देणार नाही.’’

‘‘दारू पितोस?’’

‘‘मित्राच्या लग्नात प्यायलो होतो. बीअर.’’

‘‘आवडली?’’

‘‘नाही. पण नाही म्हटलं तर खोटं वाटतं सगळ्यांना.’’

ताई यावर काहीतरी कडक बोलणार, असं मला वाटलं. तिनं फक्त नाक ओढलं. मी मागून ऐकत होतो आणि मुलात खोड शोधत होतो. माणूस आवडला नाही की मला त्याच्याबद्दल चार वाक्यं लगेच सुचतात. आवडला तरी दोन सुचतात. इथं एकही सुचत नव्हतं, आणि गप्प राहायला लागल्यामुळे आत वाफ कोंडत होती. बायकोनं माझ्याकडे बघून विचारलं, ‘‘छातीत दुखतंय का?’’

‘‘छान,’’ मी म्हणालो.

‘‘माझ्याशी नीट बोला. मी तुमची व्याहीण नाही.’’

टेकाडाच्या मागच्या अंगाला उतार संपतो तिथं वरच्या झऱ्याचं पाणी खाली येऊन ओढ्याला मिळतं. ते पाणी ओलांडायला दगडी बांध आहे. एका वेळी एक माणूस जाईल एवढाच रुंद. एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला चिखल आणि बेशरमाची दाट झुडपं. आम्ही बांधाच्या या टोकाला पोचलो आणि त्याच वेळी त्या टोकाला पडदेवाली टोपी उगवली.

ते बांधावर चढले. ताईही चढली. बरोबर मध्यावर दोघं समोरासमोर आले.

‘‘ताई, मागं सरा. आम्हाला पुढं जायचंय,’’ मुलाचे वडील म्हणाले.

‘‘मी देवाच्या वाटेवर मागं सरत नाही. तुम्ही सरा.’’

‘‘मागं गेलो तर लूप मोडतो. हे रेकॉर्ड होतंय,’’ त्यांनी घड्याळाची ताटली दाखवली.

‘‘छा थ्यो? काय झालं एवढं? घड्याळासाठी मागं जाता येत नाही?’’ ताई रागावली की तिच्या गिऱ्हाइकांची भाषा तिच्या तोंडात येते.

खरी अडचण मला दिसत होती. आम्ही मुलीकडचे. आपल्यात मुलीकडच्यांनी मागं सरायचं असतं, हे कुठं लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. मी ताईला मागं ओढलं तर ताई हे मरेपर्यंत विसरणार नाही. नाही ओढलं तर समोरचा माणूस आठवडाभर नाही, कायमचा अबोला धरील. माझ्या मुलीचा संसार फूटभर रुंद दगडावर अडकला होता आणि दोन्हीकडचे दोन म्हातारे त्यावर पाय रोवून उभे होते. मी स्वतःला त्यात धरलं नव्हतं, कारण मी अजून बांधावर चढलोच नव्हतो. मी खाली उभा राहून बुटातून खडा काढत होतो. माझ्या शौर्याची एवढीच नोंद आहे.

तेवढ्यात मुलाच्या आईनं माझ्या मुलीकडून आपली पिशवी घेतली, नवऱ्याच्या काठीखालून वाकून बांधावर पुढं आली आणि तिथंच, दोघांच्या पायांशी, पाय खाली सोडून बसली.

‘‘अहो, हे काय?’’ मुलाचे वडील म्हणाले.

‘‘बसले. माझे पाय दुखतायत. तुम्ही भांडा, मला घाई नाही.’’ तिनं पिशवीतून स्टीलचा डबा काढला, झाकण उघडलं आणि ताईकडे वर बघितलं. ‘‘बसा हो. गार व्हायला लागलेत. यांना सांगितलं नव्हतं, पोहेच केलेत.’’

ताई डब्याकडे बघत राहिली. ओलं खोबरं, कोथिंबीर, वर लिंबाची फोड. मग नातवाचे बूट सांभाळत ती तिच्या शेजारी बसली. माझी बायको या टोकाकडून सरकत आली आणि तीही बसली. बांध भरला. आता कुणीच कुठं जाऊ शकत नव्हतं. मुलगा आणि मुलगी मात्र खालच्या दगडांवरून उड्या मारत एकमेकांकडे कधीच पोचले होते आणि झऱ्याच्या तोंडाशी उभे राहून आमच्याकडे बघत होते.

मुलाचे वडील त्या तीन बायकांच्या डोक्यांवरून माझ्याकडे बघायला लागले. त्यांच्या आवाजातली शिट्टी गेली होती. ‘‘साहेब, एक विचारू? सकाळपासून तुम्ही एक शब्द बोललेला नाहीत. एक ‘छान’, एवढंच. नापसंत असेल तर सरळ सांगा. आम्ही वाईट वाटून घेणार नाही.’’

ते वाईट वाटून घेणार होते. ते त्यांच्या तोंडावरच लिहिलेलं होतं. मी मुलीकडे बघितलं. ती पांढरी पडली होती. माझ्या गप्प बसण्यानंच घात होतोय हे तिला माझ्या आधी कळलं असावं. तिनं ओठ न हलवता मान खाली-वर केली. बोला.

मी बोललो. धरणाची दारं उघडावीत तसं झालं. आधी ओंडक्याच्या पायऱ्यांवर बोललो. मग पाट्यांवर, छातीवरच्या स्पीकरवर, शेळ्यांना लाज वाटेल अशा डोंगराला दोरखंड आणणाऱ्यांवर, शिट्टीवर, टोपीच्या पडद्यावर. ‘‘पडद्यामागे एखादी बाई बसवली असती तर सभ्य वाटलं असतं,’’ असं मी म्हणालो, असं बायको आजही सांगते. मग माझ्या बहिणीवर आलो. तिला देव फक्त दुसऱ्याची वाट अडवायलाच आठवतो. मग माझ्या बुटांवर, माझ्या पोटावर, आणि चढावर ‘निसर्ग ऐका’च्या पाटीला टेकून मी कसा उभा होतो त्यावर. एवढं झाल्यावर दम घेतला आणि म्हणालो, ‘‘आणि तुमचा मुलगा. सकाळपासून त्याच्यात नाव ठेवायला जागा शोधतोय. घाम गाळून शोधतोय. सापडत नाही. हे माझ्या बाबतीत कधी झालेलं नाही. त्यामुळे मी गप्प होतो.’’

ओढ्यात कुठूनतरी आलेली प्लास्टिकची पिशवी दगडाला अडकून फडफडत होती, तिचाच काय तो आवाज.

मग मुलाची आई हसायला लागली. आधी नुसतेच खांदे हलले, मग तिला पोह्यांचा ठसका लागला. ताईनं पाठीवर थापट्या मारल्या तरी थांबेना. ‘‘पडदा!’’ ती म्हणाली. ‘‘मी सांगत होते यांना, काढा तो पडदा!’’

मुलाच्या वडिलांनी टोपी काढली. ती हातात धरून तिच्याकडे जरा वेळ बघितलं. मला वाटलं, गेलं, हे आठवड्याचं प्रकरण नाही. पण ते म्हणाले, ‘‘मानेला ऊन लागत नाही हो त्यानं.’’ आवाज एखाद्या मुलानं खेळणं का हवं ते सांगावं तसा. मग म्हणाले, ‘‘मुलाबद्दल जे बोललात ते परत बोला.’’

मी परत बोललो. त्यांनी मान हलवली. हेच ते डोलावणं असावं, पण त्या क्षणी मला खात्री नव्हती.

ताईनं तोंड पुसलं आणि वर टेकाडाकडे बघितलं. इथून देव दिसत होता. पत्र्याच्या छपराखाली काळी पिंड, समोर नाक झिजलेला नंदी. तिनं डोळे बारीक केले. ‘‘अगं बाई, हा महादेव आहे होय! मग काय, महादेवाला पुरी प्रदक्षिणा घालतच नाहीत. पाण्यापर्यंत यायचं, पाणी ओलांडायचं नाही, आल्या वाटेनं परत फिरायचं. ते उजवीकडून पाण्यापर्यंत आले, आपण डावीकडून. बरोबर झालं सगळं.’’

ती हे अशा थाटात म्हणाली, जणू सकाळपासूनचा कार्यक्रम तिनंच आखून दिला होता आणि आम्ही तो कसाबसा पाळला. माझ्या बायकोनं आकाशाकडे बघितलं. पण वाद मिटला होता. बायकांनी डबा बंद केला, तिघी सपाटीच्या बाजूनं उतरल्या आणि मुलाच्या आईच्या वाटेनं फाटकाकडे निघाल्या. म्हणजे ताईनं पाणी ओलांडलं. पाणी ओलांडायचं नाही हा नियम सांगून पाच मिनिटंही झाली नव्हती. चढ परत नको होता तिला. मी हे बोललो नाही. माझा दिवसाचा कोटा संपला होता. मुलं त्यांच्यामागे गेली.

बांधाशी आम्ही दोघं बाप उरलो. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग माझ्यामागच्या वाटेकडे, जिथून मी नुकताच मरत मरत उतरलो होतो. त्यांच्या बाजूनं तो आता चढ होता.

‘‘लूप अर्धा राहिला,’’ ते हळूच म्हणाले. ‘‘एकट्यानं जायला काही वाटत नाही. पण...’’

फाटकाकडे जाता जाता मुलीनं मागं वळून बघितलं. लांबून तिचा चेहरा दिसत नव्हता. ती थांबली होती, एवढंच दिसलं.

‘‘चला,’’ मी म्हणालो आणि ज्या उतारावर मी परत पाय ठेवणार नाही असं ठरवलं होतं, त्याच्यावर उलटा चढायला लागलो.

वाटेत त्यांनी एक काठी मला दिली. ती घेताना माझ्या सगळ्या विचारसरणीचा चुराडा झाला, पण तिनं फरक पडतो हे मान्य करायला हवं. जरा वर गेल्यावर ते म्हणाले, ‘‘बोला ना काहीतरी. तुम्ही गप्प झालात की मला धास्ती वाटते.’’ मग मी त्यांच्या दोरखंडावर नव्यानं सुरुवात केली. ते मधेमधे थांबून म्हणायचे, ‘‘हे जरा जास्त होतंय हं,’’ आणि पुढच्या वळणावर स्वतःच आठवण करून द्यायचे, ‘‘कंपासबद्दल बोलला नाहीत. कंपास पण आहे माझ्याकडे.’’ बदलापूरला जायला कंपास! मला त्या माणसाबद्दल माया वाटली असं मी म्हणणार नाही. पण एवढं साहित्य एका ठिकाणी पुरवणारा व्याही सगळ्यांच्या नशिबी नसतो.

आम्ही फाटकाशी आलो तेव्हा दोघंही बोलायच्या अवस्थेत नव्हतो. बायका बाकड्यावर बसल्या होत्या. ताईच्या हातात कुणाच्या तरी मोबाईलवरचं पंचांग होतं. मुलगी आणि मुलगा जरा बाजूला, एकाच बाटलीतून पाणी पीत.

‘‘आलात?’’ मुलाची आई म्हणाली. ‘‘मे महिना ठरला. हॉल अंबरनाथला की बदलापूरला, तेवढं राहिलंय.’’

आम्ही दोघांनी एकदमच तोंड उघडलं.

‘‘तुम्ही आधी बसा,’’ माझी बायको म्हणाली. ‘‘आमचं बोलणं चाललंय.’’